लाईम बे १९९३: तीन किलोमीटरची सफर आणि साडेतीन वाजता गेलेला फोन

मुलांच्या अ‍ॅडव्हेंचर कॅम्पची सेफ्टी म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच सामानावर घसरते. हार्नेस कुठल्या कंपनीचा, दोर किती एमएमचा, हेल्मेट आयएसआय का सीई, लाईफ जॅकेट नवं का जुनं वगैरे. सामान महत्त्वाचं आहेच, त्यात वाद नाही, पण ज्या एका अपघातामुळे ब्रिटनमध्ये मुलांच्या अ‍ॅडव्हेंचर सेंटरसाठी वेगळा कायदा झाला तो नीट वाचला तर कळतं की सामान हा त्यातला एक तुकडा होता, आणि बरेच तुकडे मुलं किनाऱ्यावर पोचायच्या कितीतरी आधी, ऑफिसातच मोडलेले होते. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय. कॅम्प चालवणाऱ्यांनी, शाळेच्या सहलीला जाणाऱ्या शिक्षकांनी आणि पैसे भरणाऱ्या पालकांनीही वाचावं असं आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लाईम बे नावाच्या उपसागराच्या काठी लाईम रेजिस नावाचं छोटं गाव आहे. जीवाश्मांसाठी प्रसिद्ध, लोक तिथे हातोडी घेऊन दगड फोडायला येतात. तिथे एक अ‍ॅक्टिव्हिटी सेंटर होतं. २२ मार्च १९९३ ला प्लिमथच्या एका सरकारी शाळेतली आठ मुलंमुली, त्यांचे एक सर आणि सेंटरचे दोन इन्स्ट्रक्टर असे अकरा जण कयाकमधून (एकट्याने वल्हवायची छोटी, अरुंद होडी) निघाले. जायचं कुठे तर शेजारच्या चारमथला. किनाऱ्याकिनाऱ्याने जेमतेम तीन किलोमीटर. सकाळी निघायचं आणि दुपारच्या जेवणाला परत, इतका साधा प्लॅन. मुलं सगळी नवशिकी, सरही नवशिके.

वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता.

हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिलंय, कारण किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याला असा दिवस छान वाटतो. वारा पाठीमागून येतो, किनाऱ्याच्या आडोशाला पाणी सपाट दिसतं, लाट फुटत नाही. फसवणूक आत गेल्यावर कळते, कारण जसजसं किनाऱ्यापासून लांब जाल तसतसा आडोसा संपतो, वारा वाढतो, लाट उंच होते आणि परत यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर वल्हवावं लागतं, जे नवशिक्याला जमत नाही. आपण शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले ना, त्यातल्या मतलईच्या दिशेचाच हा, फक्त तिथला वारा आपल्या कोकणातल्या सकाळच्या झुळकीपेक्षा जोरकस आणि दिवसभर टिकणारा असू शकतो. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा, मतलईवर होडी बाहेर जाते सोपी, येते अवघड, हे तो लहान पोरालाही सांगेल. त्या दिवशी मुलांबरोबर असलेल्या दोघांना हे किती कळत होतं हा प्रश्नच आहे, कारण त्यांच्याकडे कयाकिंगची जी पात्रता होती ती तिथल्या पद्धतीत सगळ्यात खालची, 'वन स्टार' पातळीची. म्हणजे स्वतःला बऱ्यापैकी वल्हवता येतं एवढंच ती सांगते. आठ मुलांना खुल्या समुद्रात घेऊन जाता येतं असं ती अजिबात सांगत नाही.

आता पुढे काय झालं ते बघू, कारण इथे एक गोष्ट आहे जी मला सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त शिकण्यासारखी वाटते.

निघाल्यावर थोड्या वेळातच सर उलटले. मुलं नाही, सर. सिनियर इन्स्ट्रक्टर त्यांना सरळ करायला गेला, ते परत उलटले, परत सरळ केलं, असं चालू राहिलं. या भानगडीत सिनियर इन्स्ट्रक्टर आणि सर मागे अडकले आणि आठ मुलं दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर राहिली. मुलांनी आपापले कयाक एकमेकांना धरून एकत्र बांधल्यासारखे केले, त्याला राफ्टिंग अप म्हणतात, स्थिर राहायला ते चांगलं पण त्या अवस्थेत वल्हवता येत नाही. मग तो सगळा घोळका वाऱ्याबरोबर किनाऱ्यापासून लांब लांब जात राहिला. दोन गट एकमेकांना दिसेनासे झाले. लाटा वाढल्या, कयाकमध्ये पाणी शिरायला लागलं, आणि कयाकवर स्प्रे डेक नव्हते (कमरेभोवती बसणारं ते कापडी झाकण, ज्याने पाणी आत येत नाही). एकेक करत कयाक भरले आणि उलटले, मुलं पाण्यात. मार्च महिन्यात तिथलं पाणी १० अंशाच्या खालीच असतं. आपल्याकडे फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी साधारण त्याच्या आसपास असतं, त्यात माणूस बसवा आणि तासाभराने काय होतं बघा.

आता गुणोत्तराबद्दल बोलू. कागदावर दोन इन्स्ट्रक्टर, नऊ नवशिके. साडेचारास एक. कुठल्याही कॅम्पच्या माहितीपत्रकात हा आकडा देखणा दिसेल, पालक खूश होतील. पण पहिला माणूस उलटला त्या क्षणी एक इन्स्ट्रक्टर त्याच्यात गुंतला आणि आठ मुलांमागे एकच उरला. म्हणजे गुणोत्तर हे सगळं सुरळीत असतानाचं असतं, आणि अडचण आली की ते लगेच अर्धं होतं. तेव्हा हिशोब असा करायला पाहिजे की एक लीडर एका माणसात पूर्ण अडकला, तर उरलेल्यांना उरलेले लीडर सुखरूप परत आणू शकतात का? उत्तर नाही असेल तर तो कार्यक्रम दोन लीडरचा नाहीये, तीनचा आहे. आपल्याकडे रॅपलिंगला (दोराने कडा उतरण्याला) पण हेच होतं, वर एक, खाली एक, आणि मध्येच एक मुलगी कड्यावर रडायला लागली की वरचा माणूस तिच्यात अडकतो आणि रांगेतली बाकीची तीस मुलं कड्याच्या टोकाशी स्वतःच्या भरवशावर.

आणि दुसरं, सगळ्यात कच्चा दुवा शिक्षक होते. हे कोणाच्या डोक्यातच येत नाही! आपण मुलांना पोहता येतं का विचारतो, दमा आहे का, फिट येते का विचारतो, फॉर्म भरून घेतो, आणि बरोबर आलेल्या सरांना किंवा मॅडमना काहीच विचारत नाही, कारण ते मोठे, ते जबाबदारीच्या बाजूला धरलेले. प्रत्यक्षात पन्नाशीचे सर गडावर दमून बसले की पूर्ण ट्रेकचा वेग, क्रम, पाणी, उजेड सगळं बदलतं. हेडकाउंटमध्ये शिक्षकाला मदतनीस म्हणून मोजायचं की सहभागी म्हणून, हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे. माझं मत विचाराल तर त्या अ‍ॅक्टिव्हिटीचं ट्रेनिंग नसलेला प्रत्येक माणूस सहभागीच, मग तो हेडमास्तर असला तरी.

तर मुलं पाण्यात आहेत. त्यांच्याकडे काय होतं? मदत मागायचे फ्लेअर (लांबून दिसणारे, पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) नव्हते, रेडिओ नव्हता. बरोबर सेफ्टी बोट नव्हती. म्हणजे समुद्रात जे काही झालं ते किनाऱ्यावर कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ही मंडळी वेळेत परत आली नाहीत हे किनाऱ्यावरच्या कोणाच्या तरी लक्षात येणं.

ती मंडळी दुपारी बाराच्या सुमाराला यायला हवी होती. सेंटरकडून कोस्टगार्डला खबर गेली साडेतीनच्या आसपास.

मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्प्रे डेकबद्दल, पात्रतेबद्दल राग आलाच, पण या साडेतीन तासांनी डोकं जास्त फिरलं. कारण बाकी सगळ्याला पैसे लागतात. चांगला इन्स्ट्रक्टर महाग, फ्लेअर विकत घ्यावे लागतात, सेफ्टी बोटीला डिझेल लागतं. फोनला काय लागत होतं? गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याआधीच एका मच्छीमार बोटीला समुद्रात उलटा रिकामा कयाक सापडला होता आणि तिने कोस्टगार्डला कळवलंही होतं. पण कोणाचा कयाक, किती जण बेपत्ता, कुठून निघाले, कुठे जाणार होते, ही माहिती ज्यांच्याकडे होती ते अजून वाट बघत होते. शेवटी हेलिकॉप्टर आणि लाईफबोटींनी लोकांना बाहेर काढलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच उलटून गेले होते. सर वाचले, दोन्ही इन्स्ट्रक्टर वाचले, चार मुलं वाचली. चार मुलं गेली, दोन मुलगे, दोन मुली.

माणसं वाट का बघतात? वाईट असतात म्हणून नाही. येतीलच आता, कुठेतरी थांबले असतील, चारमथला चहा पीत असतील, उगाच फोन केला आणि ते हसत आले तर आपली शोभा, सेंटरचं नाव खराब. हे सगळं अगदी माणसासारखं आहे आणि म्हणूनच हा निर्णय त्या क्षणी त्या माणसाच्या मनावर सोडायचा नसतो. तो आधी, सकाळी, सगळे शांत असताना कागदावर लिहायचा. परत यायची वेळ अमुक, त्या वेळेला नाही आले तर आपण शोधायला निघायची वेळ अमुक, आणि तरी नाही सापडले तर बाहेर फोन करायची वेळ अमुक. तिसरी वेळ आली की फोन लावायचा, मालकाला विचारायचं नाही, चर्चा करायची नाही. खोटा अलार्म निघाला तर निघाला, कोस्टगार्डवाले त्यासाठीच पगार घेतात. थंड पाण्यात तर या वेळांमधलं अंतर तासांत नाही, मिनिटांत धरावं लागतं, कारण आधी बोटं काम करेनाशी होतात, मग माणसाला स्वतःला धरून ठेवणंच जमत नाही.

आता ऑफिसकडे येऊ.

अपघाताच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच सेंटरमधल्या दोन इन्स्ट्रक्टरांनी नोकरी सोडली होती. कारण सेफ्टी. आणि नुसती सोडली नाही, कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरला पत्र लिहिलं, की सुरक्षेच्या पातळीकडे नीट बघा, नाहीतर कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी घरी का येणार नाहीये हे एक दिवस तुम्हाला समजावून सांगत बसावं लागेल. अशा अर्थाचं. इतकं स्पष्ट. बऱ्याच अपघातांनंतर लोक म्हणतात कोणाला कल्पना नव्हती, इथे कल्पना टपालाने आली होती.

खटल्यात हे पत्र फार जड गेलं. डिसेंबर १९९४ मध्ये विंचेस्टर क्राऊन कोर्टात कंपनी आणि तिचे मॅनेजिंग डायरेक्टर दोघेही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. कंपनीला ६०,००० पाउंड दंड, डायरेक्टरला तीन वर्षं कैद, जी पुढे अपिलात दोन वर्षं झाली. सेंटरच्या मॅनेजरबद्दल ज्युरीचं एकमत झालं नाही, तो सुटला. इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात कंपनी म्हणून मनुष्यवधाखाली दोषी ठरण्याची ही पहिली वेळ.

आणि यात एक कडवट बाजू आहे. कंपनी छोटी होती म्हणून ती सापडली. तेव्हाच्या कायद्यात कंपनीला दोषी धरायचं तर कंपनीचं 'डोकं' असलेला एक माणूस स्वतः दोषी आहे हे दाखवावं लागायचं. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदराजवळ फेरी बोट उलटून १९३ माणसं गेली, तिथे मोठ्या कंपनीवरचा खटला टिकला नाही, कारण चूक इतक्या लोकांत आणि इतक्या मजल्यांवर वाटली गेली होती की एक डोकं सापडेना. लाईम रेजिसच्या सेंटरच्या कंपनीत वरचा माणूस एकच, पत्र त्यालाच आलेलं, त्यामुळे सुटायला जागा नव्हती. मोठ्या कंपन्यांनाही धरता येईल असा कॉर्पोरेट मनुष्यवधाचा कायदा त्यांच्याकडे यायला २००७ उजाडलं. बरं ही कंपनी पण काही कमी नाही, तिने उलटा कोस्टगार्डच्या विरोधात दावा लावला की शोधकाम चुकीच्या दिशेने केलं म्हणून नुकसान वाढलं, भरपाईत तुम्हीपण वाटा उचला. १९९७ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. शोधकामात चुका झाल्या असतीलही, पण शोध सुरू व्हायलाच जिथे उशीर झाला त्यांनी हे म्हणावं म्हणजे कमाल आहे.

कायद्याचं श्रेय मात्र गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना आणि प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांना. हे गृहस्थ राजकारणात यायच्या आधी शिक्षक होते. सरकारचा सूर आधी असा होता की धंद्याने स्वतःच शिस्त लावून घ्यावी, कायद्याची गरज नाही. जेमिसन यांनी खासगी विधेयक आणलं, ते १९९५ मध्ये पास झालं आणि १९९६ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन चार प्रकारच्या अ‍ॅक्टिव्हिटी देणाऱ्यांना लायसन्स बंधनकारक झालं. क्लाइंबिंग, पाण्यावरचे खेळ, दुर्गम भागातलं ट्रेकिंग आणि गुहांमधले प्रकार. लायसन्स म्हणजे नुसता फॉर्म नाही, इन्स्पेक्टर येऊन बघतो, आणि इन्स्पेक्टर त्या क्षेत्रातलाच माणूस असतो, ही गोष्ट मला फार आवडते, कारण ज्याने स्वतः कधी कयाक उलटवला नाही त्याला रजिस्टर तपासण्यापलीकडे काय दिसणार.

पण त्या कायद्यात भोकं आहेतच. शाळा स्वतःच्या मुलांना स्वतः नेत असेल तर लायसन्स लागत नाही, स्वयंसेवी क्लब आपल्या सभासदांना नेत असेल तरी नाही. शिवाय २०१० मध्ये सरकारसाठी केलेल्या एका अहवालात लॉर्ड यंग यांनी ही लायसन्स देणारी व्यवस्थाच बंद करा असं सुचवलं, आरोग्य-सुरक्षेचा अतिरेक होतोय म्हणून. बरीच वर्षं ती तलवार टांगती राहिली, तरी इंग्लंडमध्ये व्यवस्था टिकली. मला त्या टीकेत थोडं तथ्य वाटतं, कारण कागद वाढला की लोक मुलांना बाहेर न्यायचंच बंद करतात आणि मग मुलं स्वतःची स्वतः धरणावर जातात, जे जास्त वाईट. पण लायसन्स काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नाही.

आपल्याकडे कुठवर आलंय? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन उपक्रमांचं धोरण आणलं, जमीन, हवा आणि पाणी तिन्हीतले उपक्रम त्यात येतात आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. त्याआधी २०१८ चा शासन निर्णय होता, त्यावर गिर्यारोहण संस्थांनी बरीच हरकत घेतली होती. म्हणजे पालक म्हणून तुम्ही कॅम्पवाल्याला नोंदणी क्रमांक विचारू शकता आणि विचाराच. मात्र नोंदणी असली तरी वरचे प्रश्न सुटत नाहीत. आणि साध्या सहलीही यातून सुटत नाहीत, १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले ती कुठली अ‍ॅडव्हेंचर अ‍ॅक्टिव्हिटी नव्हती, ती सहल होती.

पालकांकडून सही घेतात त्या 'काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' फॉर्मबद्दल पण बोलतो. तो फॉर्म भरून घेतला की रिस्क मॅनेजमेंट झालं असा अनेकांचा समज आहे. निष्काळजीपणातून मूल गेलं तर असल्या सहीच्या आडोशाला फौजदारी गुन्ह्यातून सुटता येत नाही, हे एक. आणि मुख्य म्हणजे तो फॉर्म मुलाला काहीच उपयोगाचा नाही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मुलाचा रक्तगट, औषधं, पोहता येतं का, उंचीची भीती आहे का हे लिहिलेलं असेल आणि ते लीडरच्या खिशात असेल तर उपयोग आहे. बऱ्याच ठिकाणी हे फॉर्म ऑफिसच्या फाईलमध्ये असतात आणि मुलं डोंगरावर.

लाईम बेचं प्रकरण आपल्या एखाद्या कयाकिंग कॅम्पवर, म्हणजे तारकर्ली म्हणा, पवना म्हणा, मुळशी म्हणा, ठेवून बघितलं तर पाणी कोमट आहे हा आपला मोठा फायदा, मुलं जास्त वेळ तग धरतील. पण जॅकेट सैल असेल तर तो फायदा गेला. आणि धरणावर वारा दुपारी बदलतो, डोंगराच्या खिंडीतून एकदम जोरात येतो, तेव्हा सकाळी दहाला बघितलेलं पाणी दोनला तसंच असेल असं धरून चालायचं नाही. कार्यक्रम रद्द करायचा अधिकार कोणाला आहे हे इथे येतं. माझा आग्रह आहे की पाण्याच्या काठावर उभा असलेल्या सर्वात ज्युनियर इन्स्ट्रक्टरलाही 'आज नाही' म्हणता आलं पाहिजे आणि त्यासाठी त्याचे त्या दिवसाचे पैसे कापले जाता कामा नयेत. बहुतेक पोरं रोजंदारीवर असतात, बॅच गेली नाही तर पैसे नाहीत, मग वाऱ्याचा अंदाज पण पोटाच्या हिशोबाने होतो. १९९२ च्या त्या दोन इन्स्ट्रक्टरांना आपलं म्हणणं मांडायला नोकरी सोडावी लागली, आणि ते गेल्यावर सेंटरमध्ये कोण उरलं तर ज्यांना धोका कळतच नव्हता असे.

पालकांनी कॅम्पला पाठवायच्या आधी फोन करून एवढंच विचारा की गट वेळेत परत आला नाही तर तुम्ही किती वाजता कोणाला फोन करता. जो खरंच हे करतो तो पटकन सांगेल, वेळ सांगेल, जवळच्या रेस्क्यू टीमचं आणि हॉस्पिटलचं नाव सांगेल. जो 'अहो काही होत नाही, दहा वर्षं करतोय' म्हणेल त्याच्याकडून पैसे परत घ्या. आयोजकांनी समुद्रावर असाल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सगळीकडे चालणारा ११२ हे नंबर लॅमिनेट करून किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे द्यायचे, त्याच कार्डावर किती जण पाण्यात गेले, कुठल्या रंगाचे कयाक, कुठून कुठे, आणि फोन करायची ती तिसरी वेळ, स्केच पेनने, दर बॅचला नव्याने.